३३ तास की ५४? गाईच्या पोटातला चाऱ्याचा मुक्काम मोजताना

एका दुभत्या कळपात शेणाबद्दल तक्रार होती. शेण पातळ नव्हते, जनावरे आजारी नव्हती, रवंथ नीट चालू होते. पण शेण चाळणीवर धुतले की वर चाऱ्याचे लांब धागे आणि अर्धवट फुटलेले दाणे राहायचे. कळप सांभाळणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता: चारा पोटात टिकतच नाही, न पचता निघून जातो. उपायही ठरला होता. खुराक (दाणा-पेंड) कमी करायचा आणि लांब वाळलेला चारा वाढवायचा, म्हणजे कोठीपोट (गाईच्या चार पोटांपैकी पहिले आणि सर्वांत मोठे) भरलेले राहील आणि सगळे जरा थांबून पुढे जाईल. या बदलाने दूध घटणार हे उघड होते. म्हणून आधी एकदा मोजून घेऊ, असे आहारतज्ज्ञाने सुचवले.

मोजमाप झाले आणि आकड्याने तक्रारीला दुजोरा दिला. आकड्यात चूक नव्हती, तरी त्यावरून काढलेला अर्थ टिकला नाही. तो कसा कोसळला, हे या प्रकरणात पाहायचे आहे. (गाय आणि तिचे आकडे समजावण्यासाठी रचले आहेत. पद्धती, हिशोब आणि आकड्यांचा आवाका मात्र प्रत्यक्ष कामातला आहे.)

आत नेमके काय सरकते

गाईने गिळलेला घास कोठीपोटात पडतो. तिथे पाणी, बारीक कण आणि लांब तंतू एकत्र असले तरी त्यांचा मुक्काम सारखा नसतो. लांब तंतू वर तरंगत एकमेकांत अडकतात आणि त्यांचा जाड थर तयार होतो. किण्वनात सुटणारे वायूचे बुडबुडे तंतूंना चिकटून त्यांना आणखी हलके करतात. रवंथात चावून आणि सूक्ष्मजीवांनी कुरतडून कण लहान होतो, त्यातला पचण्यासारखा भाग संपत येतो, बुडबुडे सुटतात, कण जड होतो आणि खाली बसतो. मग जाळीपोटाच्या आकुंचनात तो पडदेपोटाकडच्या छिद्राजवळ आला तर पुढे जातो. ही आकुंचने साधारण मिनिटाला एक या गतीने चालू असतात. चाळणीवर मोजले तर १.१८ मिलिमीटरपेक्षा मोठे कण शेणात फार थोडे सापडतात. याचा अर्थ छिद्र तेवढेच आहे असा नाही. छिद्र त्याहून बरेच मोठे असते. मोठा कण छिद्रात मावत नाही म्हणून अडतो असे नसून तो छिद्रापर्यंत पोचतच नाही म्हणून मागे राहतो. कणाचा आकार आणि त्याची घनता अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

हा मुक्काम मोजायचा कशासाठी? वॉल्डो, स्मिथ आणि कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या साध्या हिशोबात त्याचे उत्तर आहे. तंतूला कोठीपोटातून जायला दोनच वाटा असतात: तो पचतो किंवा पुढे सरकतो. दर तासाला किती टक्के पचतो आणि किती टक्के सरकतो, यांची ही शर्यत असते. पचनाचा वेग भागिले दोन्ही वेगांची बेरीज केली की किती पचेल ते मिळते. सरकण्याचा वेग दुप्पट झाला तर तोच चारा तितक्याच चांगल्या सूक्ष्मजीवांसमोर असूनही कमी पचतो. उलट मुक्काम फार लांबला तर पोट रिकामे होत नाही आणि गाय खायचे थांबते. त्यामुळे वेग कमी असणे चांगले किंवा जास्त असणे वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही. दूध देणाऱ्या गाईत तर बऱ्याचदा थोडी पचनक्षमता गमावून जास्त खाणेच परवडते.

पहिले मोजमाप

कोठीपोटाला कॅन्युला, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेले झाकणाचे तोंड, असलेली एक गाय निवडली. ती रोज सुमारे १४ किलो कोरडे खाद्य खात होती आणि त्यात ६ किलो एनडीएफ होते. एनडीएफ म्हणजे तटस्थ डिटर्जंटमध्ये उकळल्यावर उरणारा तंतुमय भाग. चाऱ्याची कुट्टी तीन-चार सेंटिमीटरची होती.

पोटात नुसता चारा टाकून तो कधी बाहेर आला हे ओळखता येत नाही, म्हणून त्याला खूण लागते. बाल्च यांनी १९५० मध्ये गाईंना रंगवलेले गवत चारले आणि शेणातले रंगीत तुकडे मोजले. ते काम चिकाटीचे होते आणि डोळ्यांची परीक्षा घेणारेही. आज बहुतेक ठिकाणी रासायनिक मार्कर वापरतात. उडेन, कोलुची आणि व्हॅन सोएस्ट यांनी १९८० मध्ये वापरलेली जोडी अजूनही चालते: द्रवासाठी कोबाल्ट-ईडीटीए आणि तंतूसाठी क्रोमियम पक्के बसवलेला चारा. कोबाल्टचे संयुग पाण्यात विरघळते, कणांना फारसे चिकटत नाही आणि आतड्यातून अगदी थोडेच शोषले जाते. क्रोमियमचा चारा बनवायला मेहनत लागते. डिटर्जंटमध्ये उकळून धुतलेला तंतू डायक्रोमेटच्या द्रावणात तापवायचा, मग अॅस्कॉर्बिक आम्लाने क्रोमियमचे क्षपण करायचे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचे. डायक्रोमेटमधले षट्‌संयुजी क्रोमियम विषारी असते, त्यामुळे हातमोजे आणि धूर खेचणारा पंखा याबाबत हयगय चालत नाही. शेवटी हिरवट तंतू मिळतो. त्यातले क्रोमियम इतके घट्ट बसलेले असते की सूक्ष्मजीवांना तो तंतू पचवता येत नाही. हा गुण आहे आणि दोषही; दोषाकडे पुढे येऊ.

सकाळच्या चाऱ्याच्या आधी दोन्ही मार्कर एकाच वेळी कॅन्युलातून टाकले. एका जागी ओतले नाहीत, हात घालून कोठीपोटात पाच-सहा ठिकाणी पसरले. त्याआधी शून्य तासाचा नमुना घेतला. मग पहिल्या दिवशी दर चार तासांनी, दुसऱ्या दिवशी दर सहा तासांनी आणि पुढे बारा तासांनी, असे ७२ तासांपर्यंत शेण घेतले. जमिनीवर पडलेले शेण घ्यायचे नसते. ते नेमके कधी पडले हे कळत नाही आणि त्यात मातीही मिसळते. खांद्यापर्यंतचा मोजा चढवून गुदाशयातून मूठभर घ्यायचे, डब्यावर तास लिहायचा आणि डबा लगेच थंड ठेवायचा. या कामात रात्री दोनचा नमुना सर्वांत अवघड असतो. तो बुडतो आणि पहाटे साडेचारला घेतलेल्या नमुन्याच्या डब्यावर २ लिहिले जाते. आलेख काढल्यावर असा बिंदू रेषेबाहेर पडलेला दिसतो आणि बिचाऱ्या गाईला दोष दिला जातो.

नमुने ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वाळवून दळले. दळण्यातही एक मेख आहे. स्टेनलेस स्टीलच्या गिरणीत क्रोमियम असते आणि पाती घासून त्याचा अंश नमुन्यात उतरू शकतो. शिवाय तीव्र नमुना आधी दळला तर त्याची धूळ पुढच्या सौम्य नमुन्यात जाते. म्हणून शून्य तासाचा नमुना सर्वांत आधी दळायचा, मग शेवटच्या तासांचे आणि मधले तीव्र नमुने सर्वांत शेवटी. या क्रमाला काही खर्च येत नाही, तरी तो पाळलेला क्वचितच दिसतो. दळलेले शेण आम्लात विरघळवून अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्रावर कोबाल्ट आणि क्रोमियम मोजले.

शेणातली तीव्रता तासांसमोर मांडली की ओळखीचा आकार दिसतो: सुरुवातीला काही तास काहीच नाही, मग झपाट्याने चढ, एक टोक आणि नंतर लांबत जाणारा उतार. ग्रोवम आणि विल्यम्स यांनी १९७३ मध्ये मेंढ्यांवरच्या कामात या आकाराला दोन टप्प्यांचे मॉडेल बसवले. त्यातून तीन आकडे निघतात: मार्कर पहिल्यांदा दिसेपर्यंतचा मृत वेळ, उताराचा वेग आणि चढाचा वेग. तीव्रतेचा लॉग घेतला तर उतार सरळ रेषा होतो आणि पट्टी लावूनही वेग काढता येतो.

पहिल्या फेरीत कोबाल्टचा उतार तासाला ९ टक्के आला. म्हणजे तीव्रता दर पावणेआठ तासांनी निम्मी होत होती. द्रवासाठी हे अपेक्षितच. क्रोमियमचा उतार ५.५ टक्के, चढ २० टक्के आणि मृत वेळ १० तास. १००ला प्रत्येक वेगाच्या टक्क्यांनी भागून त्यात मृत वेळ मिळवली की पूर्ण अन्नमार्गातला सरासरी मुक्काम मिळतो: १८.२ अधिक ५ अधिक १०, म्हणजे सुमारे ३३ तास. वाळलेला लांब चारा खाणाऱ्या गाईसाठी हा आकडा कमी आहे. तंतूचा उतार सहसा तासाला २ ते ५ टक्क्यांच्या आसपास राहतो.

चारा भरलेल्या नायलॉनच्या पिशव्या कोठीपोटात ठेवून पचनाचा वेग आधीच काढला होता. पचण्याजोग्या तंतूसाठी तो तासाला ४.८ टक्के होता. मार्करचा उतार हा कोठीपोटातून सरकण्याचा वेग धरला, तर ४.८ भागिले १०.३ (४.८ अधिक ५.५), म्हणजे जेमतेम ४७ टक्के. पचण्याजोग्या तंतूचा अर्ध्याहून जास्त भाग कोठीपोटातून निसटतो, असा त्याचा अर्थ झाला. कळपवाल्यांनी म्हटले होते तेच. अहवाल जवळपास लिहून झाला होता.

शेणाने दिलेली साक्ष

अहवाल पाठवण्याआधी आहारतज्ज्ञाने एक साधी पडताळणी केली, आणि माझ्या मते ती प्रत्येक मार्कर-चाचणीत सक्तीची असायला हवी. चाऱ्यातल्या एनडीएफचा काही भाग कितीही थांबला तरी पचत नाही. तो काढण्यासाठी अगदी बारीक विणीच्या पिशव्या कोठीपोटात २८८ तास, म्हणजे बारा दिवस ठेवतात. त्यानंतर उरते ते न पचणारे एनडीएफ. हा भाग जेवढा तोंडातून आत जातो तेवढाच शेणातून बाहेर येतो. त्यामुळे तो निसर्गानेच घातलेला मार्कर ठरतो.

या गाईच्या खाद्यात एनडीएफपैकी २४ टक्के न पचणारे होते. शेणातल्या एनडीएफमध्ये त्याचा वाटा ५० टक्के निघाला. २४ भागिले ५० म्हणजे ०.४८. एनडीएफपैकी ४८ टक्के बाहेर आले आणि ५२ टक्के पचले. रोजच्या ६ किलोंपैकी ३.१२ किलो.

आता हा आकडा पहिल्या निष्कर्षाशेजारी ठेवा. ६ किलोंपैकी न पचणारे १.४४ किलो, म्हणून पचण्याजोगे ४.५६ किलो. त्याचे ४७ टक्के म्हणजे २.१४ किलो कोठीपोटात पचले. मग उरलेले ०.९८ किलो कुठे पचले? कोठीपोटानंतर तंतू पचवणारी जागा एकच, मोठे आतडे आणि त्याच्या तोंडाशी असलेले अंधांत्र. तिथे काही प्रमाणात पचन होते खरे, पण एकूण पचलेल्या तंतूच्या जवळपास एक तृतीयांश काम थोड्या तासांच्या मुक्कामात तिथे व्हावे, हे गाईच्या बाबतीत पटण्यासारखे नाही. तिथला वाटा सहसा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. कुठे तरी पाणी मुरत होते.

संशय आधी प्रयोगशाळेवर गेला. यंत्राची तपासणी झाली, प्रमाणित द्रावणे पुन्हा चालवली. आकडे तेच आले. मग नमुन्यांच्या वेळा पाहिल्या. त्याही ठीक होत्या. उलगडा झाला तो मार्करच्या बरणीने. झाकण उघडून चिमूटभर हातावर घेतले तर ते पीठ होते. क्रोमियम चढवण्याआधी चारा दळला होता, आणि तोही १ मिलिमीटरच्या चाळणीतून, कारण प्रयोगशाळेत नमुने दळायची नेहमीची चाळणी तीच होती. चाचणी करणाऱ्याने विचारले, "पण रसायनशास्त्र तर तेच ना?" रसायनशास्त्र तेच होते, कण वेगळे होते.

गाईने तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा गिळला, तो वरच्या थरात अडकला, रवंथाला आला, चावला गेला, लहान झाला आणि मग निघाला. मार्करचा कण मात्र लहान करूनच आत टाकलेला होता. त्याला थरात अडकायचे कारण नव्हते. शिवाय क्रोमियममुळे तो पचत नाही, त्यामुळे किण्वन नाही आणि तरंगवणारे बुडबुडेही नाहीत. क्रोमियमचे प्रमाण जास्त चढले तर कण मुळातच जड होतो. असा कण सरळ खाली बसतो आणि पहिल्या संधीला छिद्रातून पुढे जातो. ३३ तास हा त्या पिठाचा मुक्काम होता, आणि तो बरोबर मोजला होता. चाऱ्याबद्दल मात्र त्यातून काही कळत नव्हते.

पोट रिकामे करून

मार्कर नव्याने बनवायला वेळ लागणार होता. दरम्यान कॅन्युलाचा दुसरा उपयोग केला: कोठीपोट पूर्ण रिकामे करून आत किती साठा आहे ते थेट मोजले. ऐकायला भयंकर वाटते, पण सरावलेली माणसे हे काम तासाभराच्या आत आटोपतात आणि गाय उभ्या उभ्या रवंथाशिवाय कंटाळण्यापलीकडे फारसे काही करत नाही. अट एकच, काढलेले सगळे ऊबदार ठेवून लवकर परत घालायचे.

वरचा थर हाताने काढावा लागतो. तो सुटा येत नाही, गुंतलेल्या गठ्ठ्यांनी येतो, आणि त्याच्यातून हात ओढताना वीण मोडल्यासारखा अडथळा जाणवतो. खाली गेलात की एकदम पातळ लगदा लागतो. त्यात बारीक कण असतात आणि तळाशी एखादा दगड किंवा खिळाही सापडतो. शेवटचा द्रव मगने काढावा लागतो. थर आणि द्रव वेगवेगळ्या पिंपांत वजन करून प्रत्येकाचा नमुना घेतात. दोन्ही एकत्र ढवळून एकच नमुना घेतला तर तो कधीच प्रातिनिधिक येत नाही.

साठा दिवसभर बदलतो, म्हणून हे दोन वेगळ्या दिवशी केले: एकदा चाऱ्याच्या आधी, पोट सर्वांत रिकामे असताना, आणि एकदा चाऱ्यानंतर चार-पाच तासांनी. दोन्हींची सरासरी ७० किलो भरली. त्यात कोरडा भाग साडेबारा टक्के, म्हणजे ८.७५ किलो. त्यापैकी एनडीएफ ४.९ किलो, आणि त्यातले न पचणारे २.३ किलो.

पुढचा हिशोब एका ओळीचा आहे. न पचणारे एनडीएफ रोज १.४४ किलो, म्हणजे तासाला ६० ग्रॅम आत येते. साठा स्थिर असेल तर तेवढेच बाहेर जाते. ६० ग्रॅम भागिले २,३०० ग्रॅम म्हणजे तासाला २.६ टक्के. उलट केले तर ३८ तास, आणि तेही फक्त कोठीपोटात. पहिल्या मार्करने त्याच जागेसाठी उतारावरून १८ तास सांगितले होते.

पचण्याजोग्या भागाचेही तसेच. तो तासाला १९० ग्रॅम येतो आणि साठा २.६ किलो, म्हणून एकूण जाण्याचा वेग ७.३ टक्के. त्यातून सरकण्याचे २.६ वजा केले की पचनाचा वेग ४.७ उरतो. पिशव्यांनी ४.८ सांगितला होता. दोन वेगळ्या वाटांनी येऊन आकडे इतके जवळ आले की पिशव्यांवरचा विश्वास वाढतो. ४.७ भागिले ७.३ म्हणजे ६४ टक्के, किलोंत २.९२. शेणावरून एकूण ३.१२ किलो पचल्याचे कळले होते. मोठ्या आतड्याच्या वाट्याला ०.२ किलो उरले आणि हिशोब बसला.

या पद्धतीला गृहीतके नाहीत असे नाही. साठा रोज तोच राहतो आणि सगळे न पचणारे कण एकाच वेगाने निघतात, असे आपण धरतो. दुसरी गोष्ट साफ खरी नाही. तरी इथे मोजलेला तंतू गाईने स्वतः खाल्लेला, स्वतः चावलेला आहे, आणि माझ्या लेखी या एका गोष्टीचे पारडे जड आहे.

चढ कोणाचा

नवा मार्कर न दळता, कुट्टीच्याच लांबीच्या चाऱ्यावर क्रोमियम चढवून बनवला, आणि क्रोमियमचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवले. यावेळी नमुने १४४ तासांपर्यंत घेतले. तो निर्णय योग्य ठरला, कारण ७२ तासांवर थांबले असते तर या मार्करचा सुमारे २२ टक्के भाग आतच राहिला असता, आणि शेपूट न पाहता रेषा ओढली गेली असती. १२० तासांना साडेचार टक्के उरले होते. पिठाच्या बाबतीत तेवढेच ७२ तासांना उरले होते, म्हणून पहिल्या फेरीत ७२ तास पुरेसे वाटले होते.

या फेरीत उतार ३.३ टक्के, चढ १० टक्के, मृत वेळ १४ तास. टोक तिसाव्या तासाच्या पुढे आले. पिठाचे एकोणिसाव्या तासाला आले होते. पूर्ण मुक्काम ३०.३ अधिक १० अधिक १४, म्हणजे ५४ तास.

या प्रकरणाची खरी गोम पुढे आहे. उतार कोठीपोटाचा, हे सगळे मानतात. चढ कोणाचा? मेंढ्यांच्या मूळ मांडणीत तो अंधांत्र आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला दिला होता. ती वाटणी इथे तशीच ठेवली तर कोठीपोटातला मुक्काम ३० तास येतो, म्हणजे पोट रिकामे करून मिळालेल्या ३८ तासांपेक्षा आठ तासांनी कमी. पण गाईच्या पोटात दोन टप्पे असायला मोठ्या आतड्यापर्यंत जायची गरज नाही. कोठीपोटातच ते आहेत: थरात अडकलेला, अजून जाऊ न शकणारा तंतू, आणि लहान-जड होऊन जायला मोकळा झालेला तंतू. पुढे गाईंवर काम करणाऱ्या एलिस, मॅटिस आणि पाँड यांच्या मांडणीत चढाला हाच अर्थ दिला आहे. दोन्ही टप्पे कोठीपोटाचे धरले तर ३०.३ अधिक १०, म्हणजे ४०. आता ३८ आणि ४० शेजारी बसतात.

या जुळण्यावर फार भाळू नये. लांब मार्करलाही बुडबुडे नाहीत, म्हणून तो खऱ्या चाऱ्यापेक्षा जरा लवकर निघत असणार. उलट चढाच्या दहा तासांत थोडे मोठ्या आतड्यातले ढवळणेही शिरलेले असणार. दोन चुका विरुद्ध दिशांना आहेत आणि त्यांनी एकमेकींना काही अंशी खोडले असावे. तरीही पिठाच्या मार्करचा चढ २० टक्के होता आणि लांब मार्करचा १०, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही वेळी गाय तीच, मोठे आतडे तेच. चढ मोठ्या आतड्याचा असता तर कणाच्या लांबीने तो निम्मा व्हायचे कारण नव्हते. थरातून सुटायला लागणारा वेळ मात्र लांबीने बदलणारच.

म्हणून एखाद्या अहवालात "सरकण्याचा वेग ४ टक्के" असे नुसते लिहिलेले असेल तर मी आधी तीन प्रश्न विचारतो: मार्कर कशावर चढवला होता, कणाची लांबी किती होती आणि नमुने कितव्या तासापर्यंत घेतले. यांची उत्तरे नसतील तर तो आकडा दुसऱ्या अहवालाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. उतार तेवढा घेऊन चढ सोडून देणारे अहवालही बरेच दिसतात. त्यात कोठीपोटातला मुक्काम प्रत्येक वेळी कमी येतो आणि चारा जितका लांब तितका जास्त कमी येतो, त्यामुळे लांब आणि बारीक कुट्टीची तुलना मुळातच झुकलेली असते.

आणि ते दाणे?

तंतूचा प्रश्न मिटला. या चाऱ्यासाठी एनडीएफचे ५२ टक्के पचन वावगे नव्हते. शेणातले लांब धागेही तोलून पाहिले: चाळणीवर डोळ्यांना ते खूप दिसत होते, पण कोरड्या वजनात फार थोडे भरले. लांब धागा डोळ्यांत भरतो आणि बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे शेण धुऊन नजरेने अंदाज बांधणाऱ्याला नेहमीच जास्त दिसते. खुराक कमी करून लांब चारा वाढवण्याचे कारण उरले नाही.

दाण्यांची तक्रार मात्र खरी होती, आणि तंतूच्या मार्करकडे तिचे उत्तर नव्हतेच. धान्याचा दाणा जड असतो. तो थरातून खाली उतरतो आणि आकाराने लहान असल्यामुळे निसटतो. कवच फुटलेले नसेल तर सूक्ष्मजीवांना आत शिरता येत नाही. त्याचा मुक्काम हवा असेल तर धान्यावरच खूण चढवावी लागेल. पण इथे ते करायची गरज नव्हती. शेणातला स्टार्च मोजला की पुरते. कोरड्या शेणात तो ३ टक्क्यांच्या आत असला तर धान्य नीट पचते आहे, ५ टक्क्यांच्या वर गेला तर दळण तपासायला हवे, हा दुभत्या गाईंसाठीचा चालता ठोकताळा आहे. इथे तो ७ टक्के निघाला.

भरडणीच्या रुळांमधले अंतर कमी केले. चारा, कुट्टी आणि खुराकाचे प्रमाण होते तसेच ठेवले. एकदम पीठ केले नाही, कारण पिठाचा स्टार्च कोठीपोटात झपाट्याने आंबतो, आम्लता वाढते आणि मग तंतू पचवणारे सूक्ष्मजीवच मंदावतात, पचनाचा ४.७ टक्के वेग घसरला तर मुक्काम ३८ तासांचा असूनही उपयोग नाही. दोन आठवड्यांनी शेणातला स्टार्च ३ टक्क्यांच्या थोडा खाली आला होता. चाळणीवर लांब धागे तेवढेच दिसत होते.